काकांचा काडतुसांचा डबा

पलसाण्याच्या आमच्या जुन्या घरी खंडेनवमीला अजून शस्त्रपूजन होते. शस्त्रे म्हणून आता उरली आहेत ती आजोबांच्या वेळची एक बोथट तलवार, ऊसतोडीचे दोन कोयते, काकूंचा अडकित्ता आणि मुलांनी हौसेने ठेवलेले कंपासपेटीतले करकटक. पूर्वी मात्र पाटाच्या मधोमध काकांची दुनळी बंदूक असे. तिला झेंडूची माळ घातली जाई, गंध लावले जाई, आणि आम्हा मुलांना चार हात दूर उभे राहून नमस्कार करावा लागे. "शस्त्राला हात जोडावेत, हात लावू नये," असे काका म्हणत. ती बंदूक त्यांनी अखेरच्या आजारापूर्वी, एका निवडणुकीच्या वेळी, रीतीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. ती पुन्हा घरी आली नाही. पुढे काकाही राहिले नाहीत. त्यामुळे "आपल्या घरात आता बंदूक नाही" असे आम्ही सारे निश्चिंतपणे म्हणत होतो.

ही निश्चिंतता किती पोकळ होती ते गेल्या खंडेनवमीला कळले. पूजेसाठी जुने ताम्हन हवे म्हणून माझ्या चुलतभावाचा नऊ वर्षांचा मुलगा मेड्यावर चढला. (माळ्याला आमच्या घरात शेजारच्या गुजरातीतला 'मेडा' हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे.) तो ताम्हन घेऊन उतरला, आणि त्याबरोबर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबाही. आम्ही स्वयंपाकघरात होतो. बाहेर आलो तेव्हा डब्यातील वस्तू त्याने तलवारीपुढे ओळीने मांडल्या होत्या आणि एक हातात धरून, निरांजनाच्या उजेडात फिरवून तो विचारीत होता, "आजी, ह्या पितळी बुडाच्या बाटल्या कसल्या गं?"

ती बारा बोअरची काडतुसे होती. काही तांबड्या प्लॅस्टिकची, काही तपकिरी कागदाची, फुगलेली, बुडाशी हिरवा कीट चढलेली.

काकूंच्या हातातला नैवेद्याचा वाडगा तसाच राहिला. त्या एवढेच म्हणाल्या, "बाळा, ते खाली ठेव. हळू ठेव." मुलाला दूर नेले, निरांजन आणि समई शांत केली, आणि मग सगळ्यांचे हातपाय कापू लागले.

मी बडोद्यास शाळेत अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकविले. दारूच्या घटकांवर फळ्याजवळ उभे राहून पुष्कळ बोलले. परंतु माझ्या माहेरच्या मेड्यावर, तापत्या पत्र्याखाली, तीच दारू किती वर्षे पडून आहे याची मला दाद नव्हती. गुजरातेत, माळव्यात, कर्नाटकात आणि इतरत्र स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून असे डबे आणखी असतील, या शंकेने हा लेख लिहीत आहे. परवानाधारकाने काडतुसे दीर्घकाळ कशी जपावीत, आणि जपणूक कोठे थांबवावी, या दोन्ही गोष्टी घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

बंदूक घरी आली कशी

पलसाणा हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील एक महाल. सोनगड, व्यारा, कामरेज, महुवा, गणदेवी हे त्याचे सोबती. वहिवाटदाराच्या कचेरीच्या निमित्ताने कारकून, शिक्षक, वकील अशी मराठी मंडळी या महालांतून आली आणि काळ्या जमिनीत रुजली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. कचेऱ्या बदलल्या, घरे मात्र तेथेच राहिली. नोकरी संपली तरी जमीन होती, आणि जमीन होती म्हणून बंदूक होती.

शेतावर रात्री रानडुकरे येत. काकरापार आणि उकाईचे पाणी आल्यावर भाताच्या जोडीला ऊस वाढला, चलथाणला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आणि उसाच्या दाट फडांतून डुकरांबरोबर बिबट्याही वस्तीला येऊ लागला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची, आणि संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच लांब, गुळगुळीत नळीच्या बंदुकीची वेगळी तरतूद केली. आमच्या काकांची बंदूक या दुसऱ्या प्रकारची.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि हौशी शिकारीचे दिवस संपले. हे योग्यच झाले. परंतु त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नाही. पूर्वी काडतुसांचा खोका हिवाळ्यात विकत घ्यावा आणि होळीपर्यंत तो संपावा, असा क्रम होता. आता बंदूक केवळ धाकासाठी राहिली. वर्षाकाठी हवेत एखाददुसरा बार. काडतुसे संपेनात, साठत गेली. धान्याची कोठी आपण दरवर्षी उपसतो, उन्हे दाखवतो, पाखडतो. काडतुसांच्या डब्याला मात्र कोणी हात लावीत नाही, आणि मग तो डबा आहे हेच विसरले जाते.

काडतुसाच्या पोटात काय असते

बारा बोअर म्हणजे काय, हे पुष्कळांना सांगता येत नाही. नळीच्या व्यासाएवढी शिशाची गोळी घडविली आणि तशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर येतो. वीस बोअरची नळी अर्थातच याहून अरुंद.

काडतुसाचे बूड पितळेचे किंवा पितळी मुलामा दिलेल्या पोलादाचे असते. बुडाच्या मध्यभागी टोपी. तिच्यात आघाताने पेट घेणारे अल्प मिश्रण. तिच्यापुढे दारू, दारूपुढे नमद्याचे, पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे बूच, त्यापुढे छर्रे, आणि तोंड दुमडून बंद केलेले. हे सारे ज्या नळकांड्यात बसते ते पूर्वी कागदाचे असे. १९६० मध्ये अमेरिकेत प्लॅस्टिकचे नळकांडे बाजारात आले आणि हळूहळू सर्वत्र पसरले. आपल्याकडे विलायती एलीच्या काडतुसांचा एके काळी दबदबा होता. पुढे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे घरोघरी आली. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. आमच्या डब्यातील तांबडी काडतुसे खडकीचीच होती.

काडतुसातील दारू ही काळी दारू नव्हे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. ओलावा लागला नाही तर ती फार काळ टिकते. आजच्या काडतुसातील धूरविरहित दारू मुळात कापूस आहे. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्यूरिक आम्लांची क्रिया केली की तो दिसायला तसाच राहतो, पण पेटताच क्षणात वायू होऊन जातो. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी त्यापासून बंदुकीस योग्य दारू सिद्ध केली.

गुण तसा दोषही याच कापसात आहे. आम्लाशी जडलेला हा बंध कायमचा नसतो. वर्षानुवर्षे तो अत्यंत मंदगतीने सुटत राहतो. नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, त्यांचे पुन्हा आम्ल होते, आणि ते आम्ल उरलेल्या दारूला अधिक वेगाने खाऊ लागते. ताकाचे विरजण जसे आणखी दूध नासवते तसा हा प्रकार. तो रोखण्यासाठी दारूत डायफेनिलअमाइनसारखा पदार्थ किंचित मिसळतात. सुटलेले वायू तो स्वतःत सामावून घेतो. तो शिल्लक आहे तोवर दारू सुस्थितीत. तो संपला की ऱ्हासाला आवर नाही.

हे केवळ पुस्तकी नव्हे. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ मध्ये 'इएना' आणि १९११ मध्ये 'लिबेर्ते' ही लढाऊ जहाजे शत्रूचा एकही गोळा न लागता, पोटातील जुन्या दारूच्या ऱ्हासामुळे स्फोटाने नष्ट झाली. शेकडो खलाशी गेले. दारू कशी आणि किती काळ साठवावी हा प्रश्न त्यानंतर जगाने गांभीर्याने घेतला.

काडतुसातील चिमूटभर दारू म्हणजे जहाजाचे कोठार नव्हे, आणि घरातला डबा आपोआप उडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. चांगली बनविलेली आणि चांगली ठेवलेली काडतुसे कित्येक दशके बिनचूक राहतात. परंतु 'चांगली ठेवलेली' या दोन शब्दांतच सारे आले.

उष्णता, ओलावा आणि तेल

काडतुसांचे पहिले वैर उष्णतेशी. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुपटीने वाढतो, असा आम्ही मुलांना शिकवीत असलेला ठोकताळा आहे. सुरत जिल्ह्यात वैशाखात सावलीत ४० अंश होतात; मग पत्र्याखालच्या मेड्यावर काय होत असेल? तेथील एक उन्हाळा खालच्या थंड खोलीतील कित्येक वर्षांच्या बरोबरीचा. मोटारीची डिकी, दक्षिण वा पश्चिम भिंतीतील कपाट, स्वयंपाकघरातील माळा ही सारी ठिकाणे याच कारणाने वर्ज्य. घरातील मधली, तळमजल्यावरची, उन्हाची भिंत नसलेली खोली उत्तम. दिवसा तापणे आणि रात्री निवणे हेही वाईट, कारण त्यामुळे डब्यातील हवेचे दव होते.

दुसरे वैर ओलाव्याशी. पलसाण्याकडे पावसाळा हजार मिलिमीटरहून अधिक. आषाढ-श्रावणात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, पापडाची कुरकुर जाते, काड्यापेटी पेटत नाही. या हवेत कागदी नळकांडे फुगते. फुगलेले काडतूस चेंबरमध्ये बसत नाही, आणि ते अंगठ्याने रेटून बसवणे हा मोठा अविचार. पितळेवर हिरवा कीट येतो, लोखंडी बूड गंजते, टोपीतील मिश्रण मंदावते. प्लॅस्टिकचे नळकांडे फुगत नाही म्हणून ओलावा आत जातच नाही असे समजू नये. दुमडलेल्या तोंडातून आणि टोपीच्या कडेने तो वाट काढतो.

तिसरे वैर आपणच प्रेमाने निर्माण करतो. बंदुकीला तेल लावण्याची सवय असलेला हात काडतुसालाही तेल पुसतो. पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपते आणि टोपी निकामी करते. म्हणून काडतूस कोरड्या कापडाने पुसावे, तेलाचा थेंबही लावू नये. चामडी पट्ट्याचेही तेच. कमरेला काडतुसांचा पट्टा शोभतो खरा. पण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पितळेला खातात. शिकारीपुरता पट्टा ठीक, साठवणीला नाही. काकांच्या पट्ट्यात राहिलेल्या काडतुसांची अवस्था सर्वांत वाईट होती.

जपणुकीची रीत

परवाना चालू आहे आणि काडतुसे घरी ठेवणे आवश्यक आहे, अशा घरांसाठी पुढील रीत सांगते. तीत खर्च थोडा आहे, शिस्त अधिक आहे.

काडतुसे मूळ खोक्यातच ठेवावीत. खोक्यावर बोअर, लांबी, छर्ऱ्यांचा क्रमांक आणि उत्पादनाची खूण छापलेली असते. सुटी काडतुसे म्हणजे नाव नसलेली औषधे. खोक्यावर खरेदीची तारीख शाईने लिहावी, आणि आधी आणलेले आधी वापरावे. आपण लोणच्याच्या बरण्यांना जो नियम लावतो तोच येथे.

हे खोके रबराची कड असलेल्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावेत. डबा भरण्याचा दिवस मात्र निवडून घ्यावा. श्रावणात डबा बंद केला तर पावसाळाच आत कोंडला जातो. पौष-माघातील कोरड्या दुपारी तो भरावा. आत सिलिका जेलची पुडी टाकावी. निळे दाणे ओलावा पिऊन गुलाबी झाले की बदलावेत. ते तापवून पुन्हा कोरडे करता येतात, पण ते काम काडतुसांपासून दूर आणि मुलांच्या हाती न लागेल असे करावे. काही जण कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवतात. ती ठेवू नये, कारण ओल लागताच चुना तापतो.

डबा जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावा. पुराचे पाणी येणाऱ्या भागात तर फळी उंचच हवी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, हे आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. पाण्यात बुडालेली काडतुसे वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. वरून ती कोरडी दिसतात, आतले कोणी पाहिलेले नसते.

बंदूक आणि काडतुसे कधीही एका कपाटात ठेवू नयेत. बंदूक रिकामी करून एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्या ताब्यात. 'मुलांना ठाऊक नाही' या भरवशावर राहू नये. किल्ली देवघरात, मसाल्याच्या डब्यात किंवा घड्याळामागे असते हे घरातील सर्वांत लहान मुलाला सर्वांत आधी कळते. मुलांना भीती घालण्यापेक्षा काडतूस म्हणजे काय ते एकदा नीट सांगावे: दिसले तर हात लावू नये, तेथून दूर व्हावे, मोठ्यांना हाक मारावी.

निरनिराळ्या बोअरची काडतुसे एकत्र मिसळू देऊ नयेत. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत घातले तर ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकते. मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामे वाटते. तो बारा बोअरचे काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि नळी हातात फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे हल्ली बहुधा पिवळ्या रंगाची करतात. लांबीचाही घोटाळा असाच घातक. जुन्या बंदुकींची चेंबरे पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी असत. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यांत बसते, कारण दुमडलेले तोंड आखूड असते. पण बार होताना ते उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो.

शेवटी, एक वही. किती आणली, किती वापरली, किती उरली. एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील हे परवान्यावर लिहिलेले असते. त्याच्या आत आपण आहोत ना, हे वही सांगते. आणि परवानाधारक आजारी पडला किंवा गेला, तर घरात काय आहे हे मागे राहिलेल्यांना तीच वही सांगते. आमच्या घरी ही वही असती तर मेड्यावरचा डबा नऊ वर्षांच्या मुलाला सापडला नसता.

आगीची गोष्ट

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा जो स्फोट झाला त्याच्या हकिकती आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकविलेल्या आहेत. त्या जहाजात हजाराहून अधिक टन स्फोटके होती, हे सर्वांना आठवते. पण त्याच जहाजात कापसाचे हजारो गठ्ठे भरले होते आणि आग आधी कापसाला लागली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अलीकडे ३१ मे २०१६ च्या रात्री वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात साठविलेल्या सुरुंगांच्या कोठाराला आग लागून भयंकर स्फोट झाला. अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाची माणसे कामी आली. खडा पहारा असलेल्या जागी जर साठवण अशी धोक्याची, तर घरात किती सावध असावे!

या घटनांचे परिमाण आपल्या डब्याला लागू नाही. सुटे काडतूस आगीत पडले तर ते बंदुकीतून सुटल्यासारखे नेम धरून जात नाही. नळीचा आधार नसल्याने नळकांडे फाटते, छर्रे जवळच विखुरतात. मात्र टोपी आणि बुडाचे तुकडे वेगाने उडतात आणि जवळ असणाऱ्याचा डोळा जाऊ शकतो. खरा धडा शेजाऱ्याचा आहे. रॉकेल, पेट्रोल, रंग, टर्पेन्टाइन, दिवाळीचे उरलेले फटाके, कापूस, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे यांच्या सोबतीला काडतुसे ठेवू नयेत. घराला आग लागलीच तर ती विझविणाऱ्यांना काडतुसे कोठे आहेत ते पहिल्या वाक्यात सांगावे. आणि पूजेच्या पाटावर काडतुसे मांडून पुढे दिवा लावण्याची रीत कोणाकडे असेल, तर ती आजपासून बंद करावी. रिकामी बंदूक पुजली तरी देवी प्रसन्न होते.

जुने काडतूस ओळखावे कसे

हिरवा किंवा पांढरा कीट, गंज, फुगलेले वा चिरलेले नळकांडे, सैल झालेले तोंड, सांडणारे छर्रे, बाहेर आलेली किंवा आत दबलेली टोपी, आंबूस उग्र दर्प यांपैकी एकही खूण दिसली की ते काडतूस वापरातून बाद. 'एक बार करून पाहू' हा उद्योग करू नये. जुन्या काडतुसाचा धोका केवळ न उडण्यात नाही. चाप ओढल्यावर ते क्षणभर गप्प राहून मग उडू शकते. म्हणून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, लगेच बंदूक उघडू नये. कधी दारू अर्धवट पेटते, बार फुसका होतो आणि बूच नळीतच अडकून राहते. ते न पाहता दुसरा बार काढला की नळी फुटते. फुसका आवाज आला की बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

बाद काडतूस घरी फोडून दारू काढू नये. ते चुलीत, कचऱ्यात, विहिरीत, नदीत टाकू नये. जमिनीत पुरूही नये. पुरलेले काडतूस नांगराला लागते, टाकलेले भंगार वेचणाऱ्या पोराच्या हाती जाते.

जपणूक कोठे थांबते

आता त्या दिवसाकडे वळते. चुलतभाऊ म्हणाला, "रात्री मिंढोळा नदीत नेऊन टाकतो, कोणाला कळणार नाही." तो भ्याला होता, आणि त्याची भीती निराधार नव्हती. कायद्याला बंदूक आणि काडतूस यांत भेद नाही. परवान्यावाचून काडतूस बाळगणे हाही गुन्हाच. काका गेले तेव्हा त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर गेला. परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. आम्ही मात्र नकळत इतकी वर्षे त्या डब्यावर झोपलो होतो.

परंतु त्याच कायद्यात वाटही आहे. बाळगण्याचा अधिकार संपला की शस्त्र आणि दारूगोळा विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा, असे १९५९ च्या अधिनियमाचे २१ वे कलम सांगते. वारसाला रीतसर परवाना मिळाला तर ठराविक मुदतीत जमा वस्तू परत घेता येते, किंवा अधिकार असलेल्यास विकता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगण्याची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. तेव्हा ज्यांच्या घरी आजोबांची, वडिलांची आणि स्वतःची अशा बंदुका आहेत त्यांनीही कागद तपासून पाहावेत.

मी काकूंकडे पाहिले. त्या हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं, डबा वर आहे ते. त्यांची वस्तू म्हणून टाकवली नाही. त्यांच्या हातची शेवटची मांडणी ती." यावर काय बोलावे! कपाटातले कोट, चष्मा, काठी यांसारखाच त्यांना तो डबाही वाटला होता. आपल्या घरांतून असे डबे राहतात ते बेपर्वाईने नव्हे, पुष्कळदा मायेने राहतात. पण कोट जुना होतो आणि स्वस्थ राहतो. काडतूस स्वस्थ राहत नाही.

आम्ही डबा जागचा हलविला नाही. मुलांना शेजारी धाडले, खोली बंद केली आणि ठाण्याला दूरध्वनी करून जसे घडले तसे सांगितले. डबा उचलून स्वतः गाडीवर नेण्यापेक्षा हेच बरे. तासाभरात दोघे जण आले. काकांचा जुना परवाना, बंदूक जमा केल्याची पावती आणि मृत्यूचा दाखला आम्ही पुढे ठेवला. त्यांनी काडतुसे मोजली. एकेचाळीस भरली. कागद झाले, पोच मिळाली. त्यांपैकी वयाने मोठे असलेले गृहस्थ काकूंना गुजरातीत म्हणाले, "बा, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. नदीत टाकली असती तर ती कोणाच्या तरी पोराला सापडली असती." चुलतभावाने मान खाली घातली.

ते गेल्यावर पूजा पुन्हा मांडली. काकूंनी काकांचा रिकामा चामडी पट्टा पाटावर ठेवला, त्याला गंधफूल वाहिले, आणि पोचपावती जुन्या परवान्याच्या वहीत घालून वही कपाटात बंद केली. मग नातवाला जवळ बोलावून म्हणाल्या, "तुझे आजोबा काय म्हणायचे ठाऊक आहे? शस्त्राला हात जोडावेत, हात लावू नये."

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. या दिवाळीच्या साफसफाईत माळा, कोठार, जुनी ट्रंक स्वतः उघडून पाहा. मुलांवर ते काम सोपवू नका. परवाना चालू असेल तर काडतुसे खाली, थंड आणि कोरड्या जागी, वेगळ्या कुलपात आणा आणि वही घाला. परवाना संपला असेल तर डब्याला हात न लावता ठाण्याला कळवा. घरातील वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या हयातीतच उरकावी. मागे राहणाऱ्यांसाठी आपण जमीन ठेवतो, दागिने ठेवतो, आठवणी ठेवतो. त्यांच्यासाठी मेड्यावर काडतुसे तेवढी ठेवू नयेत.